येणाऱ्याला वजा

६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आपल्या दोन खोल्यांत फोन घेऊन जायचं कुठे? आईंना एरवी दाराची बेल ऐकू येत नाही, पण त्यांच्याविषयी कुणी कुजबुजलं की भिंतीपलीकडून बरोबर कळतं. आणि तुझा फोन म्हणजे काय, तर वहिनी, मीटिंग आहे, नंतर करते. ते 'नंतर' अजून यायचंय.

लायसन्स ऑफिसबाहेर गाडीत बसलेय. माझी शिकाऊ आत लेखी परीक्षा देतेय. मैदानात ती बरी चालवते, पण पाटी वाचायची म्हटली की तिला घाम फुटतो. ती बाहेर येईपर्यंत मला कुणी 'मॅडम, क्लच' म्हणणार नाही, तेवढ्यात सगळं सांगून टाकते.

तुझा दादा गेल्याला दोन वर्षं झाली, हे आई विसरल्यात. रोज संध्याकाळी विचारतात, हा अजून कसा आला नाही. आधी मी खरं सांगायचे. मग त्या रडायच्या, आणि ते रडणं दरवेळी पहिल्या दिवसाचं असायचं. मी तरी किती वेळा विधवा व्हायचं? आता सांगते, ओव्हरटाइम आहे. त्या ऑफिसच्या नावाने बोटं मोडतात आणि गुपचूप जेवतात. दिवसा शेजारच्या बाई येऊन बसतात. रात्री मी असते. सकाळी पुन्हा लोकांच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि आपण शेजारी बसून पायाखालचा आपला वेगळा ब्रेक सांभाळायचा.

मी थकलेय बारके. आडवळणाने सांगायचं त्राण नाही म्हणून सरळ सांगते. येऊन दोन-तीन महिने राहा, नाहीतर आईंना तुझ्याकडे घेऊन जा. हे नुसतं माझ्यासाठी नाही. तू त्यांना अजून नीट आठवतेस. परवा डॉक्टरांना सांगत होत्या, माझी बारकी आकाशाचं काम करते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आज जे आठवतंय ते किती दिवस राहील सांगता येत नाही. तोवर तू त्यांच्यासमोर असावंस असं मला वाटतं. बाकी तू शहाणी आहेस.

शिकाऊ बाहेर आली. चेहऱ्यावरून नापास दिसतेय.

तुझी,
वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

मी आत्ता येऊ शकत नाही. माझं पद डिसेंबरपर्यंतच आहे. ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे समिती जूनमध्ये ठरवणार, आणि तोवर माझ्या हातात काहीतरी ठोस असायला हवं. आईला वाटतं मी दुर्बिणीला डोळा लावून बसते. मी दहा ते सहा संगणकापुढे बसते, वहिनी, एखाद्या बँकेतल्या कारकुनासारखी. पाठ तशीच दुखते, चहाही तसाच वाईट असतो.

काम काय आहे ते सांगते, म्हणजे मी टाळतेय असं तुला वाटणार नाही. एक तेजोमेघ आहे, म्हणजे वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग. त्यात तारे जन्मतात, पण एकेकटे नाही. आधी वायूचे लांब धागे होतात, धाग्यांवर गाठी बसतात आणि एकेका गाठीत थोडे-थोडे तारे तयार होतात. मग या गाठी एकमेकींकडे घसरत येतात आणि सगळ्यांचा मिळून एक गुच्छ होतो. मी आपली त्याला थवा म्हणते. या थव्याला एकत्र ठेवतं ते ताऱ्यांचं स्वतःचं वजन थोडं, भोवतीच्या वायूचं जास्त. पुढे त्यातलाच एखादा मोठा, तापट तारा आपल्या उजेडाने आणि वाऱ्याने तो वायू उडवून लावतो. वायू गेला की धरून ठेवणारं वजनही गेलं. तारे काही जास्त जोराने पळायला लागत नाहीत. वेग आधीचाच असतो, फक्त आता आवरायला कुणी नसतं. म्हणून बरेचसे थवे पांगतात.

माझा थवा पांगतोय की धरून आहे, एवढंच मला शोधायचंय. जुने फोटो आणि नवे फोटो समोर ठेवायचे आणि प्रत्येक तारा कुठून कुठे सरकला ते मोजायचं. आमच्या हिशेबाने हे तारे अगदी तान्हे आहेत, पण त्यांचं सरकणं डोळ्याला दिसत नाही, मोजूनच काढावं लागतं.

आपल्या घरात तो वायू म्हणजे तू आहेस. तुझ्यामुळे सगळं धरून आहे हे मला कळतं. जूनपर्यंत कळ काढ. जूननंतर मी नक्की येते. आईला सांग, बारकी येणार आहे.

तुझी,
बारकी


११ मार्च

प्रिय बारके,

मला वायू म्हणालीस. धन्य आहे. आपल्या घरात वायू एकच, तो तुझ्या आईंना जेवणानंतर होतो आणि त्याची गोळी मी देते.

आणि अगं, तुझ्याच गोष्टीत तो वायू शेवटी उडवून लावतात. लिहिताना तुझ्या हे लक्षात तरी आलं का? का एवढं शिकलं की आपलंच लिहिलेलं वाचायचं नसतं? जाऊ दे, चिडलेले नाही. चिडायलाही अंगात बळ लागतं.

आईंना सांगितलं, बारकी जूननंतर येणार. त्या म्हणाल्या, बरं झालं, आणि जून कधी आहे ते विचारलं. मी म्हटलं, लवकरच. जेवणाच्या आत पुन्हा विचारलं. असं तुझं येणं रोज दहा वेळा होतं.

दादाचं कपाट रिकामं केलं. शर्ट देऊन टाकले. इतके दिवस हात लावत नव्हते, या रविवारी लावला. वाटलं तेवढं रडू आलं नाही. गाडीला थोडं खरचटलंय, माझ्या नाही, स्कूलच्या. विशेष काही नाही.

सध्या माझ्याकडे एक घरांचा एजंट शिकायला येतो. पंचावन्नचा असेल. लोकांना घरं दाखवत आयुष्यभर रिक्षाने हिंडला आणि आता गाडी शिकायचं डोक्यात घेतलंय. गाडी सुरू करतो, गिअर टाकतो, हँडब्रेक काढायचं विसरतो आणि मग गाडीवरच रागावतो. मी त्याला हँडब्रेकवाले म्हणते, मनात. परवा शिकवणी संपल्यावर घर बघून गेला. म्हणाला, भाडेकरू आठवड्याभरात मिळेल. मी आपलं सहज विचारलं होतं.

तुझा थवा काय म्हणतोय? धरून आहे असं निघालं तर बरं. कुठेतरी धरून असावं.

तुझी,
वहिनी


३० एप्रिल

प्रिय वहिनी,

दीड महिना पत्र नाही, त्याबद्दल काय म्हणू? सकाळी आकडे, दुपारी आकडे, घरी येऊन अंथरुणावर पडायचं. सकाळी उठते तेव्हाही पाठ कालचीच असते.

पण निकाल लागला. थवा पांगतोय. सगळ्या ताऱ्यांची तोंडं बाहेर. मधल्यांचीसुद्धा. वायू निघून गेल्यावर जसं व्हावं तसंच, किंबहुना आमच्या अपेक्षेपेक्षा भराभर. आमचे संचालक कधी खुर्चीतून उठत नाहीत, ते उठून माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, इतकं स्पष्ट पांगणं क्वचित दिसतं. मला व्याख्यान द्यायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता समितीपुढे जायला माझ्याकडे काहीतरी आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. पडद्यावर सगळ्या ताऱ्यांना बाहेर जाणारे बाण काढले आणि त्याकडे बघत बसले, तर दादा आठवला. मग आपलं घर. मग मी तो पडदा बंद केला आणि खाली चहा प्यायला गेले.

आई कशी आहे ते नीट लिही. तिला माझा फोटो दाखवत जा, म्हणजे विसरणार नाही. तो शाळेतला नको, त्यात माझा दात पडलेला आहे. अलीकडचा दाखव. आणि भाडेकरूचं काय ते कळलं नाही. कुणासाठी?

तुझी,
बारकी


१४ मे

प्रिय बारके,

घाईत लिहितेय.

आई बरी आहे. जेवते, झोपते. काल म्हणाली, खिडकीचा पडदा धुवायला झालाय. बघितलं तर खरंच झाला होता.

जेवणाचं टेबल हँडब्रेकवाल्यांनी नेलं. तीन खुर्च्याही. चौथीचा पाय हलतो, ती ठेवलीये. स्कूलमध्ये सांगितलंय की पंधरा जूननंतर मी नाही. मालक म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखा ब्रेक कुणी दाबत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेही जाताना.

तुझ्या घराला जिने किती? आणि बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का? माझी आपली चौकशी.

फोटोचं म्हणालीस. ते राहू दे.

तुझी,
वहिनी


२ जून

वहिनी,

दोन आठवडे लिहिलं नाही, कारण रागात लिहायचं नव्हतं. पण राग काही उतरत नाही.

दादाचं कपाट रिकामं झालं, टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, नोकरी सोडलीस, घराला भाडेकरू बघितला. आणि प्रत्येक गोष्टीत ते हँडब्रेकवाले. मी दुधखुळी नाही. तुला कुणाची सोबत हवीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. दादा गेल्यावर तुझं आयुष्य तू हवं तसं जग, मी कोण अडवणार? पण सरळ सांगायचंस. आईला कुठे ठेवणार आहेस ते तरी. माझ्याकडे आणून सोडायचं ठरवलंय आणि त्यासाठी जिने मोजतेयस, एवढं मला कळतं.

आणि एक फार लागलं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू आईला कधी 'अहो' सोडून हाक मारली नाहीस. आई म्हणतात, आई आल्या, आई रागावल्या. आम्ही तुला हसायचो. या पत्रात 'आई म्हणाली' झालं. 'जेवते, झोपते.' निघायचं ठरलं की मानही उतरतो का गं? माझा फोटो बघायचा तिचा हक्कसुद्धा 'राहू दे'?

मला वाटलं होतं, कुणीही सुटलं तरी तू सुटणार नाहीस. चूक माझीच. पडद्यावर रोज तेच बघतेय, तरी शिकले नाही.

बारकी


२८ जून

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर नाही. मी फोन केले, तू उचलले नाहीस. शेजारच्या बाईंनी एकदा उचलला आणि म्हणाल्या, घरात आवराआवर चाललीये, वहिनी मग सांगते म्हणाली. त्यामुळे तुम्ही दोघी बऱ्या आहात एवढं कळलं. मी पुन्हा लिहितेय, कारण मागच्या पत्रात मी काय-काय बोलले ते आता माझं मलाच वाचवत नाही.

माझ्याकडे वेगळीच गोष्ट झाली. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगावं असं कुणी नाही.

माझा निकाल चुकला. थवा पांगत नाहीये.

तू रोज रस्त्यावर असतेस, म्हणून तुझ्याच रस्त्यावरचं सांगते. समोरून लांबून ट्रक येत असला की त्याचे दोन दिवे मिळून एकच वाटतात. तो जवळ येतो तसतसे दिवे एकमेकांपासून लांब सरकताना दिसतात. म्हणून कुणी म्हणत नाही की दिव्यांचं आपसात बिनसलंय. ट्रक जवळ येतोय, एवढंच. माझा अख्खा थवा आपल्या दिशेने येतोय. त्यामुळे त्यातले तारे पसरताना दिसतात. हे नुसतं दिसणं आहे. ते हिशेबातून काढून टाकायचं असतं आणि मग उरेल ते खरं पांगणं.

आता माझी चूक. आमच्या धंद्यात अशी रीत आहे की लांब जाणाऱ्या ताऱ्याच्या वेगाला अधिकचं चिन्ह लावतात आणि जवळ येणाऱ्याला वजा. घरात आपण उलटं शिकतो, आला तो अधिक, गेला तो वजा. ही रीत माझ्या हाडात मुरलेली आहे असं मी समजत होते. पण कधीतरी एप्रिलमध्ये, दमलेल्या डोक्याने, मी येणाऱ्याला अधिक लावलं. जे काढून टाकायचं ते त्यामुळे दुप्पट झालं. आणि त्या दुपटीला आम्ही टाळ्या वाजवल्या.

छपाईला पाठवायच्या आधी एकदा सगळं पहिल्यापासून तपासलं तेव्हा सापडलं. चिन्ह बदललं आणि बाण एकेक करून आखडले. मधले तारे एकमेकांना धरून आहेत. कडेचे काही सुटलेत, ते जाणारच. पण मधले धरून आहेत.

संचालकांना त्याच दिवशी सांगितलं. ते या वेळी उठले नाहीत. व्याख्यान मागे घेतलं, म्हणजे सगळ्यांना एक ओळीचं कळवलं. 'पांगत नाही' यात कुणाला फारसा रस नसतो. समिती म्हणाली, डिसेंबरनंतरचं नंतर बघू. नंतर म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तू माझ्याकडूनच शिकलीयेस.

मी थकलेय वहिनी. पण खरा निकाल हाती आला याचं मला खूप बरं वाटलं. एकटीच होते तरी मोठ्याने म्हणाले, धरून आहेत.

तू कुठेही जा, कुणाबरोबर जा, पण मला एक ओळ लिही. आणि आई अजून माझं नाव घेते का ते सांग. मी जुलैत सुट्टी मागते. उशीर झालाय हे मला कळतंय. किती झालाय ते सांग.

तुझी,
बारकी


९ जुलै

प्रिय बारके,

तुझं दोन जूनचं पत्र वाचून फाडलं. मग तुकडे केराच्या टोपलीतून काढून पुन्हा वाचलं, नीट राग यावा म्हणून. अठ्ठावीसचं आलं तेव्हा राग संपला होता, पण लिहायला बसायचं धाडस होत नव्हतं. कारण तू शेवटी जे विचारलंयस तेच मी तीन महिने लपवतेय.

आधी हँडब्रेकवाले. तो गृहस्थ बायको, दोन सुना आणि पाच नातवंडांत राहतो. टेबल सुनेसाठी नेलं. त्याच्याशी माझं नातं जोडलंस हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग आरशात बघावंसं वाटलं. पुढे सरकू.

गाडीला खरचटलं म्हणाले होते. ते असं झालं की मी शेजारच्या सीटवर बसल्याबसल्या झोपले. डोळे उघडे असतील कदाचित, पण झोपले. शिकाऊ मुलीने ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. पोरगी घाबरून रडत होती आणि माझी माफी मागत होती. तिला वाटलं तिचंच चुकलं. त्या दिवशी ठरवलं की आईंना तुझ्याकडे आणून सोडायचं आणि आपण मोकळं व्हायचं. एवढं तू बरोबर ओळखलंस.

मग मार्चच्या शेवटी एक दिवस मी कामावरून आले. चपला काढतेय तर आतून हाक आली, "बारके, आलीस?" मला वाटलं, तुझा फोन आलाय. आत गेले तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, किती वाळलीस गं. मी म्हटलं, अहो आई, मी वहिनी, तुमची सून. तर घाबरल्या. मला अहो का म्हणतेस, मी काय परकी झाले का, म्हणून रडायला लागल्या. काही दिवस मी तसंच रेटलं. अहो म्हटलं की रडायच्या, दूध घ्यायच्या नाहीत, गोळी थुंकायच्या. शेवटी एकदा म्हणाले, "अगं आई, दूध घे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जीभ अशी अडखळली की वाटलं, कुणीतरी मागून येऊन कान पिळणार. त्यांनी मात्र मुकाट्याने दूध घेतलं आणि माझ्या पदराला तोंड पुसलं.

तेव्हापासून मी अगंच म्हणते. तेच हातातून कागदावर उतरलं. मान उतरला नाही बारके.

म्हणजे त्या तुला विसरल्यात का, तर नाही. रोज तुझं नाव घेतात, पण माझ्याकडे बघून. तू जवळ आहेस असंच त्यांना वाटतं, म्हणून तू कधी येणार हे विचारणं त्यांनी सोडून दिलं. तुझा फोटो दाखवला होता मी. म्हणाल्या, कुणाची पोरगी आहे, चांगली दिसते. म्हणून राहू दे म्हटलं.

आणि दिवसभर मला माझ्याच तक्रारी सांगतात. तुझी वहिनी बोलत नाही. तुझी वहिनी दार आपटते. मी हो ला हो म्हणते, काय करणार, आपटते खरी. पण गेल्या महिन्यात मी त्यांचे केस विंचरत होते तर म्हणाल्या, "तुझ्या वहिनीला काही बोलू नकोस हं. फार दमते ती. माझ्याच्याने तिच्यासमोर म्हणवत नाही." मी तशीच फणी धरून उभी राहिले. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. ते ऐकायला मी तिथे असायला नको होते.

आता तुला कळलं असेल. आईंना तुझ्याकडे सोडून मी निघू शकत नाही. बारकीला सोडून त्या राहणार नाहीत, आणि बारकी सध्या मी आहे. म्हणून दोघी येतोय. घराला भाडेकरू मिळाला. तुझ्या गावातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलने मला ये म्हटलंय. वीस तारखेला दादाची गाडी घेऊन निघतो, मधे एक मुक्काम करून. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू जूननंतर म्हणाली असतीस. तुझं पद डिसेंबरपर्यंत आहे ना, मग डिसेंबरचं डिसेंबरला बघू. आम्ही निघायची तयारी करत होतो आणि तुला वाटलं आम्ही पांगलो. येणाऱ्यालाच वजा लावायची तुम्हा लोकांची रीत, दुसरं काय व्हायचं?

आता कठीण आहे ते. आई दारात तुला बघतील आणि विचारतील, ही कोण. 'मी बारकी' म्हणू नकोस. मला माहीत आहे तुला काय वाटेल. पण दोन बारक्या झाल्या तर कुणावर विश्वास ठेवायचा ते त्यांना कळणार नाही आणि दोघीही जातील. वहिनी आहे म्हणून सांग. वहिनीची जागा रिकामीच आहे आणि वहिनीवर त्यांचा जीव आहे, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. गळ्यात पडू नकोस, सुना पडत नाहीत. आणि 'अगं' म्हणू नकोस, 'अहो' म्हण.

एवढं तुझ्यावर लादायला मला जड जातंय. पण दुसरं काही सुचत नाही.

तुझी,
वहिनी


१५ जुलै

प्रिय बारके,

मायना लिहायलाच अर्धा तास गेला.

तुझं पत्र आलं तेव्हा ऑफिसात होते. बाथरूममध्ये जाऊन रडले. किती उशीर झालाय ते तू सांगितलंस. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त झालाय. तुझ्यावर राग नाही. राग कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून घरी येऊन फरशी पुसली.

जिने दोन मजल्यांचे होते. तळमजल्यावरच्या प्राध्यापकांशी खोल्यांची अदलाबदल केली, त्यांना वर उजेड हवाच होता. बाथरूममध्ये दांडी बसवून घेतली. आईंना खिडकीजवळची खाट ठेवलीये. तुझी खाट त्यांच्याशेजारी, कारण लेक जवळच झोपणार. मी बाहेरच्या खोलीत. आमच्या दोघींचा एक फोटो भिंतीवर होता, मी तान्ही, त्यांच्या मांडीवर. तो काढून ठेवला, नाहीतर त्या विचारायच्या की हा सुनेकडे कसा.

तुझ्या आवाजात बोलायचा सराव करतेय. रोज सकाळी दात घासून झाले की म्हणते. पहिल्यांदा तोंडातून अगंच निघतं. दुसऱ्यांदा जमतं. कालपासून पहिल्यांदाच जमायला लागलंय, आणि जमलं तेव्हा फार वाईट वाटलं.

एक मागते. दुपारी तू शिकवायला गेलीस की मी त्यांच्याजवळ बसणार. तेव्हा मी त्यांना विचारीन, तुमची बारकी कशी आहे हो? काही चुकलं का तिचं? तुझ्याविषयी सांगतील, मला माहीत आहे. तरी ऐकू दे.

सावकाश चालव. झोप आली की गाडी थांबव. पोचाल तेव्हा दार मीच उघडीन आणि म्हणेन, या, अहो आई, दमला असाल.

तुझी,
वहिनी